नवीन स्विच लावल्यापासून जुन्या सीएनसीला मोठा प्रोग्राम जात नाही, पिंग मात्र एकदम ओके

अंबड_टूलरूम

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. अंबड एमआयडीसीत आमचं टूलरूम आहे, मोल्ड आणि डायची कामं. ऑफिसच्या पीसीवर कॅम सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम काढायचा आणि लॅनवरून व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनच्या) कंट्रोलला पाठवायचा, हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होतं. पावसाळ्यात एका रात्री लाइटची ये-जा झाली आणि शॉपमधला जुना मॅनेज्ड (पोर्टचं सेटिंग करता येणारा) स्विच उडाला. नेटवर्कवाल्याने त्याच्या जागी साधा आठ पोर्टचा गिगाबिट लावून दिला, सेटिंग-बिटिंग काही नाही, वायरी खोचल्या की चालू.

तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. ड्रिलिंगचा चार-पाच केबीचा प्रोग्राम पटकन जातो, पण फिनिशिंगचा २५-३० एमबीचा पाठवला की थोडा जातो, थांबतो, परत थोडा जातो आणि शेवटी टाइमआउट. हे फक्त दोन जुन्या मशीनवर. नवीन मशीनला त्याच स्विचवरून तीच फाइल काही सेकंदात जाते. आणि गंमत म्हणजे पिंग केलं (नेटवर्कवरून छोटी हाक मारून बघितली) तर जुनी मशीनसुद्धा एक मिलीसेकंदाच्या आत रिप्लाय देतात, एक पॅकेट लॉस नाही. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, पीसीच्या जागी लॅपटॉप लावला, ढिम्म फरक नाही.

नेटवर्कवाला म्हणतो मशीनचं इथरनेट कार्ड गेलंय, मशीनचा सर्व्हिसवाला म्हणतो कार्ड ठणठणीत आहे तुमचा स्विच फालतू आहे, आणि कार्डाचं कोटेशन असं आलंय की शेठ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ऑपरेटर लोक पेनड्राइव्ह घेऊन ऑफिस ते शॉप चकरा मारतायत. खरंच दोन्ही मशीनची कार्डं एकदम जाऊ शकतात का?

सातपूर_पॅनलवाला

भाऊ केबल बदलली म्हणताय पण रूट तोच ना? स्पिंडल ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून लॅनची वायर नेली असेल तर मशीन लोडवर आलं की असंच होतं, मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. शिल्डेड केबल घ्या, वेगळ्या ट्रेमधून न्या आणि मशीनचं अर्थिंग एकदा चेक करा. लाइट गेली-आली त्यात अर्थिंगचा लोच्या झाला असेल तर तोही निघेल.

नाशिकरोड_नेटवर्क

अर्थिंग बघाच, ते कधीही वाया जात नाही. पण इथे मला दुसरा वास येतोय. नॉइज असता तर स्पिंडल बंद असताना फाइल नीट गेली असती. आणि त्रास नेमका स्विच बदलल्या दिवसापासून, तोही फक्त जुन्या मशीनना.

दोन गोष्टी बघून सांगा. जुन्या मशीनच्या कंट्रोलवर नेटवर्कच्या पानावर स्पीड आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून डेटा, हाफ म्हणजे एका वेळी एकाच बाजूने) काय लिहिलंय? आणि नवीन स्विचवर त्या दोन पोर्टांचा लाइट कुठल्या रंगाचा आहे?

अंबड_टूलरूम

स्पिंडल बंद ठेवून पण पाठवून पाहिलं दादा, तेच. कंट्रोलच्या मेंटेनन्स पानावर १०० एम, फुल असं आहे, ऑटोच्या पुढे ऑफ. नवीन मशीनवर ऑटो ऑन आहे. स्विचवर जुन्या दोघांचा नारिंगी, नवीनचा हिरवा.

नाशिकरोड_नेटवर्क

मग सापडलं. कार्ड पण गेलेलं नाही आणि स्विच पण फालतू नाही, दोघांचं एकमेकांशी जुळत नाहीये. याला डुप्लेक्स मिसमॅच म्हणतात. जरा सविस्तर लिहितो कारण तुम्हाला हे शेठना आणि त्या दोघा भिडूंना समजवावं लागणार आहे.

लिंक लागायच्या आधी ऑटोवरची दोन्ही टोकं बारीक बारीक पल्सचे झुपके पाठवून एकमेकांना सांगतात, मला १० जमतं, १०० जमतं, हाफ जमतं, फुल जमतं, आणि दोघांना जमणाऱ्यातलं सगळ्यात वरचं निवडतात. फास्ट इथरनेटबरोबर १९९५ मध्ये ८०२.३यू स्टँडर्ड आलं त्यातच हे आलं. आता तुमचं जुनं मशीन १००-फुलवर फिक्स करून ठेवलंय, म्हणजे ते हे झुपके पाठवतच नाही. स्विच आपला वाट बघतो, समोरून काही येत नाही, मग तो लाइनवरच्या सिग्नलच्या ढंगावरून ओळखतो की समोर १०० वाला आहे. स्पीड असा ओळखता येतो, पण डुप्लेक्स नाही, कारण १०० हाफ आणि १०० फुल, दोन्हीचा सिग्नल वायरवर सारखाच दिसतो. अशा वेळी स्टँडर्ड सांगतं की हाफ धरून चाला. म्हणजे आता मशीन फुलवर आणि स्विच हाफवर. लिंकचा लाइट मस्त पेटलेला, १०० चा नारिंगी पण बरोबर, म्हणून बघणाऱ्याला काही चुकलंय असं वाटतच नाही.

मेनरोडच्या बोळात एक गाडीवाला समजतो रस्ता डबल आहे आणि समोरचा समजतो सिंगल आहे, तसं चाललंय बघा. स्विच हाफवर असल्याने लाइन मोकळी आहे का बघून पाठवतो आणि पाठवताना समोरून काही आलं की टक्कर झाली समजून अर्ध्यात थांबतो. मशीन फुलवर आहे, त्याला टक्कर हा प्रकारच माहीत नाही, ते मनात येईल तेव्हा पाठवतं. पिंगमध्ये एक पॅकेट जातं, एक येतं, दोन्ही एकाच वेळी लाइनवर जवळजवळ नसतातच, म्हणून पिंग क्लीन. फाइल पाठवताना मात्र एकीकडून डेटा आणि उलटीकडून त्याची पोच सतत येत असते, मग धडाधड टक्कर. आणि हाफच्या नियमात टक्कर पहिल्या ६४ बाइटच्या आत झाली तरच हार्डवेअर ते फ्रेम (डेटाचं पाकीट) आपणहून परत पाठवतं. त्याच्या पुढे झाली तर ती लेट कोलिजन, फ्रेम गेलं ते गेलं, मग वर टीसीपीला (हरवलेला डेटा परत पाठवणाऱ्या प्रोटोकॉलला) कळेपर्यंत आणि तो परत पाठवेपर्यंत वेळ जातो. तुमचं ते थांबत थांबत जाणं म्हणजे हेच. चार केबीचा प्रोग्राम मोजक्या पॅकेटमध्ये उरकतो म्हणून सुटतो.

जुना स्विच मॅनेज्ड होता ना, कोणीतरी तेव्हा त्याचे ते पोर्ट पण १००-फुलला फिक्स केले असणार, दोन्हीकडे सारखं म्हणून काही त्रास नव्हता. स्विचबरोबर ते सेटिंगही गेलं.

गंगापूररोड_सिसॲडमिन

वरच्या दादांनी सगळं बरोबर लिहिलंय, फक्त कार्ड चांगलं आहे हे सर्व्हिसवाल्यासमोर सिद्ध करायची फुकटची ट्रिक देतो. लॅपटॉप थेट मशीनला लावा, मधे स्विच नको. लॅपटॉपला मशीनच्या रेंजमधला आयपी द्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात स्पीड अँड डुप्लेक्स असं येईल, तिथे १०० एमबीपीएस फुल निवडा. आता दोन्ही टोकं फिक्स. ती ३० एमबीची फाइल पाठवा. झपकन गेली तर कार्डाचं कोटेशन फाडून टाका.

एक लोच्या होऊ शकतो, फिक्स केल्यावर काही कार्डांचं ऑटो-एमडीआयएक्स (साधी की क्रॉस केबल ते आपोआप जुळवून घेणं) बंद पडतं, म्हणजे साध्या केबलवर लिंकच लागणार नाही. तसं झालं तर क्रॉस केबल करा, एका टोकाला ५६८ए आणि दुसऱ्याला ५६८बी (वायरींच्या रंगांचे दोन ठरलेले क्रम). आणि काम झालं की लॅपटॉप आठवणीने परत ऑटोवर टाका, नाहीतर उद्या ऑफिसच्या स्विचला लावाल आणि हेच भूत तिथे उभं राहील.

मॅनेज्ड स्विच असता तर काउंटर बघूनच कळलं असतं. हाफवाल्या टोकाला लेट कोलिजन वाढत जातात, फुलवाल्या टोकाला सीआरसी (बिघडलेली फ्रेम) आणि रंट (अपुरी फ्रेम), कारण समोरच्याने अर्ध्यात सोडलेले तुकडे त्याच्याकडे पोचतात. सिस्को कंपनीच्या स्विचवर शो इंटरफेसेस स्टेटस ही कमांड मारली की ऑटोने ठरलेल्या गोष्टीच्या आधी ए लागतो, तिथे ए-हाफ आणि ए-१०० अशी जोडी दिसली की नव्वद टक्के वेळा समोरचं टोक कोणीतरी फिक्स केलेलं असतं. दोन्हीकडे सिस्को असेल तर सीडीपी (त्यांची शेजारच्या डिव्हाइसला ओळखायची सोय) स्वतःच डुप्लेक्स मिसमॅचची बोंब लॉगमध्ये मारतं. फक्त काउंटर आधी क्लिअर करून घ्या, जुने आकडे बघून लोक उगाच घाबरतात. लिनक्स असेल तर नुसतं इथटूल आणि इंटरफेसचं नाव, स्पीड-डुप्लेक्स-ऑटो तिन्ही समोर येतं.

जुना_फिल्डवाला

हे ऑटो-बिटो कधीच भरवशाचं नव्हतं. आम्ही २००० च्या आसपास काम करायचो तेव्हा पहिला नियम, सर्व्हर असो की राउटर, पोर्ट १०० फुलला ठोकायचं आणि मग निवांत झोपायचं. टूलरूमवाल्यांनी ऑटो करण्यापेक्षा चांगला मॅनेज्ड स्विच घेऊन परत फिक्स करावं.

नाशिकरोड_नेटवर्क

काका तुमच्या काळात ते बरोबरच होतं, सुरुवातीच्या कार्डांचं आणि स्विचचं ऑटो खरंच एकमेकांशी पटायचं नाही, म्हणून सगळ्यांना ती सवय लागली. पण सवय राहिली आणि दिवस बदलले. गिगाबिट कॉपरवर, म्हणजे १९९९ च्या ८०२.३एबीपासून, ऑटो सक्तीचं आहे, कारण दोन टोकांपैकी घड्याळ कोणाचं चालणार, मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हे त्यातच ठरतं. विंडोजमध्ये १ जीबीपीएस फुल असा ऑप्शन दिसतो तो बहुतेक ड्रायव्हरमध्ये आतून ऑटोच असतो, फक्त आपल्याला १००० सोडून काही येत नाही असं सांगतो. आज मला जे मिसमॅच सापडतात त्यातले बहुतेक ऑटो बिघडल्यामुळे नसतात, कोणीतरी एकच टोक फिक्स करून निघून गेलेला असतो. फिक्स करायचंच तर दोन्हीकडे करा आणि रॅकवर मार्करने लिहून ठेवा.

आणि स्पीडच कमी ठेवायचा असेल तर फिक्स करायची गरजच नसते. ऑटो चालू ठेवून जाहीर काय करायचं तेवढं कमी करता येतं. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर स्पीड ऑटो १० १०० अशी कमांड चालते, म्हणजे बोलणी चालू पण १००० चं नावच काढायचं नाही. डुप्लेक्स नीट जुळतं.

जुना_फिल्डवाला

ती ऑटो १० १०० वाली माहीत नव्हती. बाकी मार्करचं पटलं. आम्हीही रॅकच्या दाराला आतून चार्ट चिकटवायचो, आजकालची पोरं तेवढंही करत नाहीत.

अंबड_टूलरूम

लॅपटॉप थेट लावला. आधी लिंक लागेना, मग क्रॉस केबल करून आणली, लगेच लागली. १०० फुल टाकलं आणि फाइल पाठवली तर ऑपरेटर म्हणतो साहेब झाली पण. तो सर्व्हिसवाला बाजूलाच उभा होता, त्याने शांतपणे चहा मागवला.

आता प्रश्न पुढचा. एका मशीनवर ऑटो ऑन करता येतंय, सर्व्हिसवाला पासवर्ड टाकून करून देतो म्हणाला. दुसऱ्याचं कंट्रोल जास्त जुनं आहे, तिथे ऑटो नावाचा प्रकारच नाही, फक्त १० हाफ, १० फुल, १०० हाफ, १०० फुल असे चार पर्याय. त्याचं काय करायचं?

गंगापूररोड_सिसॲडमिन

त्याला १०० हाफ करा.

अंबड_टूलरूम

हाफ? अहो हाफमुळेच तर सगळा गोंधळ झाला ना

गंगापूररोड_सिसॲडमिन

गोंधळ हाफमुळे नाही झाला, एक हाफ आणि एक फुल असल्यामुळे झाला. तुमचा साधा स्विच समोरून काही ऐकू आलं नाही की हाफ धरणार हे ठरलेलंच आहे, त्याला तुम्ही बदलू शकत नाही, म्हणून मशीनलाच त्याच्या लाइनीत आणायचं. दोन्हीकडे हाफ असेल तर टक्कर वेळेत होते, वेळेत कळते आणि फ्रेम लगेच परत जातं, हबच्या जमान्यात अख्खी ऑफिसं अशीच चालायची. फुलइतका स्पीड नाही मिळणार पण ३० एमबीला कितीसा लागतो? ही आयडिया फुकट आहे. पुढे पैसे मंजूर झाले तर एक छोटा मॅनेज्ड स्विच घ्या आणि त्या एका पोर्टला १०० फुल, मशीनला पण १०० फुल.

फक्त स्विच घेताना डेटाशीट वाचा. २.५ जी, ५ जी, १० जी वाले काही नवीन पोर्ट १० एमबीपीएस आणि हाफ डुप्लेक्स करतच नाहीत. दुकानदार म्हणेल लेटेस्ट आहे सगळं चालतं, तसं नसतं. जुन्या मशीनसाठी साधं १०/१००/१००० वालंच पोर्ट बघा.

पिंपळगाव_पॅकहाउस

मधेच घुसतोय, सॉरी, पण विषय तोच आहे म्हणून. आमचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाउस आहे. वजनकाट्याजवळचा पीसी गिगाबिट कार्डाचा, स्विच गिगाबिट, केबल कॅट ६, तरी विंडोज १०० एमबीपीएस दाखवतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कॉपी करायला फार वेळ लागतो. वरचं वाचून मी स्पीड अँड डुप्लेक्समध्ये १ जीबीपीएस फुल केलं तर लिंकच गेली. परत ऑटो केलं की १००. म्हणजे माझ्याकडे पण मिसमॅच आहे का?

नाशिकरोड_नेटवर्क

नाही भाऊ, तुमचं केस वेगळं आहे. मिसमॅच असता तर कॉपी अडखळत, मरत मरत झाली असती. तुमचं १०० चं काम नीट चाललंय, फक्त १००० लागत नाही. यात बहुतेक वेळा केबलच निघते.

१० आणि १०० ला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. बोलणी त्या पहिल्या दोन जोड्यांवरच होतात म्हणून दोन्ही टोकं खुशीत १००० ठरवतात, आणि प्रत्यक्ष लिंक लावायला गेले की ४-५ किंवा ७-८ मेलेली. मग काही कार्डं स्वतःहून १०० वर उतरतात, काही लिंकच सोडून देतात. तुम्ही १ जीबीपीएस सक्तीचं केलं तेव्हा खाली उतरायची वाटच बंद झाली, म्हणून लिंक गेली. ऑटोवरच राहू द्या.

बाजारात २००-३०० रुपयांचा आठ दिव्यांचा टेस्टर मिळतो, तो लावा आणि ४, ५, ७, ८ चे दिवे लागतात का बघा. नाही लागले तर दोन्ही टोकांचे जॅक कापून नव्याने क्रिम्प करा. तरीही नाही लागले तर केबल मधे कुठेतरी उंदराने खाल्लीये किंवा कोणीतरी काहीतरी केलंय.

पिंपळगाव_पॅकहाउस

कोणीतरी काहीतरीच केलंय. स्विचच्या बॉक्समध्ये केबलची साल लांबपर्यंत सोललेली, निळी आणि तपकिरी जोडी बाहेर काढून टेपने गुंडाळलेली, आणि ती सरळ गेटच्या इंटरकॉमला गेलीये. इलेक्ट्रिशियनला फोन केला तर म्हणतो चार वायरी तशाच रिकाम्या पडल्या होत्या, म्हणून वापरल्या.

सातपूर_पॅनलवाला

हे आमच्याकडे पण सर्रास चालतं राव, एका केबलमधून दोन कनेक्शन. १०० च्या जमान्यात खपून जायचं.

अंबड_टूलरूम

अपडेट देतो. पहिलं मशीन ऑटोवर, दुसरं १०० हाफवर. दोन्हीकडे फिनिशिंगचा प्रोग्राम जातोय, दुसऱ्याला जरा जास्त वेळ लागतो पण अडकत नाही. छोटा मॅनेज्ड स्विच दिवाळीनंतर बघू असं शेठ म्हणाले. तोपर्यंत स्विचच्या बॉक्सवर मार्करने लिहिलंय, मशीन २ हाफवर आहे, हात लावू नये. नेटवर्कवाल्याला ही लिंक पाठवलीये, अजून त्याचा रिप्लाय नाही.

नाशिकरोड_नेटवर्क

त्या पाटीवर पोर्ट नंबर पण लिहा भाऊ, आणि स्विच बदलला तर काय करायचं तेही एका ओळीत. पॅकहाउसवाले, इंटरकॉमला वेगळी वायर ओढा आणि त्या निळ्या-तपकिरी जोड्या तशाच परत जोडत बसू नका. एवढी लांब सोललेली केबल आणि त्यावर जोड, गिगाबिटला चालत नाही, तो तुकडा कापून सरळ नवीन जॅक मारा.